बूट व्हायला १९४ सेकंद: फोंड्यातल्या पीसीची पावसाळी नोंदवही

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की मेमरी ३२ वरून ६४ जीबी केली की कॅसेटचं काम धावायला लागेल. झालं उलटंच. म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहितोय. एएम५ बोर्डावर (एएमडी प्रोसेसरसाठीच्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डवर) मेमरीच्या चार स्टिक लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याचे काही आठवडे वाचतील.

नवीन मंडळींसाठी आधी दोन ओळी. आमच्या गावच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या मराठी नाटकांच्या ५० व्हीएचएस कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतोय. त्यांत माझे वडील आहेत, काका आहेत, आता हयात नसलेले कितीतरी नट आहेत. इथल्या पावसात कॅसेटच्या फितीला बुरशी लागायला वेळ लागत नाही, म्हणून घाई. मे अखेरपर्यंत ४१ कॅसेट उतरल्या होत्या.

मशीन असं: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर५-६००० च्या १६ जीबीच्या दोन स्टिक (६००० हा मेमरीचा वेग, पुढचे ४८००, ५२००, ३६०० हेही तसेच), विंडोज ११. जूनच्या पहिल्या आठवड्यात तोच मॉडेल नंबर बघून आणखी दोन स्टिक आणल्या आणि रिकाम्या स्लॉटमध्ये बसवल्या.

१४ जून

चारही स्टिक ६००० च्या एक्स्पो प्रोफाइलवर, म्हणजे स्टिकमध्येच नोंदवलेल्या तयार वेगवान सेटिंगवर, उठल्याच नाहीत. बोर्डावरचा डीरॅमचा (मेमरीचा) दिवा पेटून राहिला, मशीन आपोआप बंद होऊन तीन वेळा चालू झालं आणि शेवटी ४८०० वर आलं. मी हातानं ५२०० केलं. चाललं. पण पॉवरचं बटण दाबल्यापासून स्क्रीनवर काही दिसेपर्यंत चहा उकळून व्हायचा.

आधी मोजलं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ असतो (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं सॉफ्टवेअर). विंडोजच्या हातात गाडी येईपर्यंत बोर्डानं किती वेळ घेतला, एवढंच तो सांगतो. माझा आकडा १९४.२ सेकंद. त्यानंतर डेस्कटॉप यायला जेमतेम ११. म्हणजे एसएसडी, अँटिव्हायरस, स्टार्टअपमधले प्रोग्राम, यांपैकी कशाचाच दोष नव्हता. हा आकडा बघितल्याशिवाय विंडोज पुन्हा टाकायला बसू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये systemd-analyze चालवावं. त्यात फर्मवेअरचा वेळ वेगळा दिसतो.

१५ जून

सोपे संशयित आधी. आमच्याकडे विजा कडाडायला लागल्या की आई मेन स्विच पाडते, त्यामुळे बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी उतरली असेल असं वाटलं. पण घड्याळ बरोबर होतं आणि मीटरवर ३.० व्होल्ट दाखवले. ती सुटली. यूएसबी हब आणि बाहेरची हार्ड डिस्क काढली, तेवढ्यानं ४ सेकंद कमी झाले. उरलेले १९० मेमरीचे.

इथे जरा थांबतो, कारण हा वेळ नेमका कशात जातो हे कळलं तेव्हा माझा राग निवळला. डीडीआर५-६००० मध्ये एका तारेवर एका बिटाच्या वाट्याला साधारण १६७ पिकोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त ५ सेंटिमीटर जातो. प्रोसेसरपासून स्टिकपर्यंतच्या प्रत्येक तारेची लांबी, स्लॉटचा स्पर्श, चिपचा स्वभाव यांत अगदी थोडा फरक असतो, आणि या वेगात तो थोडा फरकही पुरतो. म्हणून चालू होताना कंट्रोलर एकेका गटासाठी सिग्नल थोडा पुढे सरकवतो, थोडा मागे, संदर्भ व्होल्टेज वर-खाली करतो, नमुने लिहितो, वाचून बघतो आणि जिथे वाचन बिनचूक येतं त्या पट्ट्याच्या मध्यावर जाऊन थांबतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तबला लावणारा गट्ट्यागट्ट्यावर हातोडी मारत सूर जुळवतो ना, अगदी तसं. एका चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीमधल्या एका वाटेवर, दोन स्टिक आल्या की तारांना फाटा फुटतो, सिग्नल परावर्तित होतो, सूर लवकर लागत नाही. बोर्ड झोपलेला नव्हता, झगडत होता.

१७ जून

बायोस अपडेट. ट्रेनिंगचं मूळ काम एएमडीच्या ‘अजेसा’ नावाच्या कोडमध्ये असतं. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या तो घेऊन आपापलं बायोस तयार करतात. म्हणून बायोसच्या नोंदींत अजेसाची आवृत्ती बदललेली दिसली की मेमरीचं वागणं बदलण्याची शक्यता असते. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून यात बरीच सुधारणा झाली आहे. माझ्या बोर्डावरचं बायोस मात्र डब्यातून काढल्या दिवसाचंच होतं.

करण्याआधी तीन गोष्टी केल्या. विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवून रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवली, कारण बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. बायोसमधल्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. आणि मशीन यूपीएसवर घेतलं; जूनमध्ये फोंड्यात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि अर्धवट लिहिलेलं बायोस म्हणजे बोर्ड गेला. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा.

अपडेटनंतर पहिल्यांदा स्क्रीन तब्बल सहा मिनिटं काळी होती. हात बटणाकडे जातो, पण जाऊ द्यायचा नाही. जुनं ट्रेनिंग पुसलं गेलेलं असतं, सगळं नव्यानं चालू असतं. दुसऱ्या दिवशीचा आकडा १२१.

२१ जून

म्हापशाहून भाचा आला. कॅबिनेटसमोर बसल्या बसल्या म्हणाला, “मामा, तू मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू का करत नाहीस? एकदा लागलेला सूर बोर्ड लक्षात ठेवतो, रोज नव्यानं लावत बसत नाही.”

केलं. बायोस टाइम २१.४ सेकंद! मी आनंदानं आईला बोलावून दाखवलं.

६ जुलै

ही नोंद लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

दोन आठवड्यांत तीनदा निळी स्क्रीन आली. मी ड्रायव्हरवर ढकललं. मग शनिवारी कॅप्चर केलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या आणि सवयीप्रमाणे एसएचए-२५६ चे आकडे (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिच्या बोटाच्या ठशासारखी खूण) ताडून बघितले. दोन फाइलचे जुळले नाहीत. पुन्हा कॉपी केल्या, एकीचा जुळला, दुसरीचा तिसराच काहीतरी आला. डिस्क दोन्ही ठणठणीत. म्हणजे फाइल मेमरीतून जाताना वाटेत बिघडत होती.

कॉन्टेक्स्ट रिस्टोअर काय करतं ते मी नीट समजून घेतलं नव्हतं. जुने आकडे आहेत तसे वापरायचे, ताडायचे नाहीत. मेमरी मुळात घट्ट असेल तर हे अगदी योग्य आहे. पण माझ्या चार स्टिक ५२०० वर काठावर चालत होत्या आणि रोजचं ट्रेनिंग त्यांना रोज सावरून घेत होतं. जूनच्या एका दुपारी लागलेला सूर जुलैतल्या गार पहाटे तसाच राहील, असं मी गृहीत धरलं होतं. त्यात ‘पॉवर डाउन एनेबल’, म्हणजे मेमरी रिकामी असताना तिची वीज वाचवणारं सेटिंग, बंद होतं. कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू ठेवायचं तर तेही चालू हवं, ही जोडी तुटली की मशीन डळमळतं.

डीडीआर५ मध्ये ईसीसी (बिटांच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय) असतंच, मग चूक कशी, असं भाच्यानं विचारलं. असतं, पण चिपच्या पोटात. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट उलटला तर ते ईसीसी तिथे पोचत नाही. त्यासाठी वेगळ्या ईसीसी स्टिक लागतात.

त्या दिवशी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद केलं, कॅप्चरही बंद.

७ ते १२ जुलै

मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकला आणि रात्रीच्या रात्री चालवला. चार स्टिक, ५२००: पहिली फेरी स्वच्छ, दुसऱ्या फेरीत १४ चुका. एकच फेरी बघून मी उठलो असतो तर फसलो असतो.

मग एकेक स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये. काढताना संपर्कपट्टीवर हलका धुरकट थर दिसला. दमट हवेत वर्षभरात तो येतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणाऱ्या कापडानं पुसल्या, पूर्ण सुकू दिल्या. खोडरबर मी वापरत नाही, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. चारही स्टिक एकेकट्या निर्दोष. पहिली जोडी ६००० वर निर्दोष, दुसरी जोडीही निर्दोष.

सीपीयू-झेड या प्रोग्रामच्या एसपीडी टॅबमध्ये (तिथे प्रत्येक स्टिकची माहिती दिसते) उत्तराचा अर्धा भाग मिळाला. मॉडेल नंबर तोच, पण दोन्ही जोड्यांतल्या चिप वेगवेगळ्या कंपन्यांच्या. उरलेला अर्धा एएमडीच्या स्वतःच्या तक्त्यात होता: रायझन ७००० साठी दोन स्टिकना ५२००, चार स्टिकना ३६००. हे आकडे मी खरेदीआधी वाचायला हवे होते.

३६०० वर चार स्टिक दोन पूर्ण फेऱ्या चुकीशिवाय गेल्या. कॉन्टेक्स्ट रिस्टोअर आणि पॉवर डाउन दोन्ही चालू करून पुन्हा दोन फेऱ्या, तरी स्वच्छ. बायोस टाइम १९. ज्यांना ६४ जीबी हवीच आहे आणि नवा खर्च झेपत नाही, त्यांनी बिनधास्त इथेच थांबावं. बरीचशी कामं ३६०० वर नीट चालतात.

२६ जुलै

मी थांबलो नाही. उतरवलेल्या चित्रातला दाणेदारपणा (नॉइज) काढण्याच्या फिल्टरला मेमरीचा वेग लागतो. एकेका फाइलला ३६०० वर लागणारा वेळ मला फार वाटला. दुसरी जोडी भाच्याच्या मशीनला दिली, पहिली एका मित्राला विकली आणि ३२ जीबीच्या दोन स्टिकचा एकच संच आणला. स्लॉट ए२ आणि बी२, वेग एक्स्पो ६०००.

पहिलं ट्रेनिंग दोन मिनिटं. नंतर क्रम पाळला: कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद ठेवून मेमटेस्टच्या चार फेऱ्या, मग पाच दिवस रोजचं काम, प्रत्येक फाइलचे आकडे ताडून. त्यानंतरच दोन्ही सेटिंग चालू, आणि पुन्हा चार फेऱ्या. मेन स्विच पाडून, रात्रभर तसंच ठेवून, सकाळी गार मशीनवरही बघितलं. माझ्या बोर्डावर त्या एका वेळी ४० सेकंद लागतात, नंतर नेहमीचा आकडा. बायोस टाइम १४.९.

३ ऑगस्ट

ज्या फाइलचे आकडे जुळले नव्हते त्या दोन्ही कॅसेट पुन्हा काढल्या. एकीच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. हातानं फिरवत, सुक्या कापडावरून हळूहळू नेत साफ केली. दुपारभर तेच. दुसऱ्या अंकात जिथे वडील पायऱ्या उतरून येतात तिथे चित्र थोडं थरथरतं, पण आवाज स्वच्छ आहे. तीन ठिकाणी कॉपी, तिन्हींचे आकडे जुळले.

उरल्या ९ कॅसेट. चवथीला घरची मंडळी जमतात, तोपर्यंत निदान पाच तरी करायच्या आहेत. आज सकाळचा बायोस टाइम १५.१.