नडगी दुखू लागली की आधी बोट लावून पाहावे

नव्याने धावू लागलेल्या अनेकांची नडगी पहिल्या काही आठवड्यांत दुखू लागते, माझीही दुखली. हाडाच्या आतल्या कडेने, घोट्याच्या थोडे वर हे दुखणे सुरू होते, अंग तापल्यावर कमी होते आणि धावून झाल्यावर पुन्हा डोके वर काढते. त्याला ‘शिन स्प्लिंट्स’ म्हणतात. धावण्याच्या सरावाने दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाड सावकाश तयार होते: वाढता भार पेलण्यासाठी ते आधी जुना भाग विरघळवते, मग नवा रचते, आणि मधल्या काळात ते काहीसे नाजूक असते. दम पुरतो म्हणून अंतर वाढवत जाणे नडते ते यामुळेच.

उपायांकडे वळण्यापूर्वी प्रत्येकाने एक तपासणी अवश्य करावी, असे मी कळकळीने सांगेन. खुर्चीत बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि हाडाच्या आतल्या कडेवर अंगठा दाबत घोट्यापासून वर सरकावे. दुखरा पट्टा ५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पसरलेला असेल, तर बहुधा ते शिन स्प्लिंट्स असते. मात्र एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, बसल्या जागी किंवा रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी, धावणे लगेच थांबवावे आणि अस्थितज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अशी चीर पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे एमआरआय करावा लागू शकतो.

साध्या दुखण्यात अंथरूण धरण्याची गरज नसते. धावणे कमी करावे किंवा काही काळ थांबवावे, आणि दुखत नसेल तर पोहणे वा सायकल चालू ठेवावी. बर्फाने तात्पुरते बरे वाटते, एवढेच. मला खरा भरवसा वाटतो तो पोटऱ्यांच्या व्यायामाचा: टाचा सावकाश उचलून तितक्याच सावकाश टेकवायच्या, आधी गुडघे सरळ ठेवून आणि मग किंचित वाकवून, कारण गुडघा वाकला की पोटरीच्या आतल्या स्नायूवर अधिक भार येतो.

अर्धा तास भरभर चालूनही नडगी दुखली नाही की थोडे धावणे, थोडे चालणे असे पुन्हा सुरू करावे. पावले आखूड आणि जलद टाकावीत, म्हणजे प्रत्येक पावलागणिक हाडावर येणारा भार कमी होतो. आधी अंतर वाढवावे. वेग आणि चढ-उतार नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी हाड दाबल्यावर दुखले, तर त्या दिवशी धावू नये.