मुक्तिसंग्रामाचा धडा तपासताना

भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. मधल्या तेरा महिन्यांत आपल्या गावात काय घडत होते, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव, निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार आणि १३ सप्टेंबरला सुरू झालेली भारत सरकारची पोलीस कारवाई मुलांना तोंडपाठ असते. पण हे सारे आपल्या शिवारातही घडले, याची जाणीव त्यांना नसते.

म्हणून यंदा मी गृहपाठ दिला, की घरातल्या वा गल्लीतल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाला विचारून लिहून आणा. एका मुलीने पणजीची आठवण लिहिली: रझाकार येणार अशी आवई उठली, की घरचे लोक पेवाचे, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचे, तोंड मातीने लिंपून त्यावर कडबा रचत आणि रात्र उसाच्या फडात काढत. उत्तरात एकही सनावळी नव्हती, शुद्धलेखनही कच्चे होते. नमुना उत्तराप्रमाणे तपासले असते, तर पाचपैकी एखादाच गुण पदरात पडला असता, आणि तो मला अन्यायच वाटला असता.

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांना जागा आहे, तिचा मी आधार घेतला. माहिती कोणाकडून मिळाली, त्या व्यक्तीने स्वतः काय पाहिले आणि काय केवळ ऐकले, ही विभागणी मुलीने केली होती. तिला मी चार गुण दिले. पाचवा सनावळीसाठी राखून वही परत केली.