पानावरून उठताना

मे महिन्यातील लग्नाची पंगत ही शरीराच्या दृष्टीने एक अवघड परीक्षा असते. मांडवात उकाडा असल्यामुळे अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात. आग्रहाने वाढलेली जिलबी आणि मसालेभात पचवण्यासाठी बरेचसे रक्त आतड्यांकडे वळलेले असते. घामावाटे पाणी गेलेले असते ते निराळेच. अशा वेळी बराच वेळ मांडी घालून बसलेला माणूस हात धुण्यासाठी एकदम उठतो आणि सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली, पोटाच्या व पायांच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त घटते, म्हणून दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही घटते. या हिशेबाने निम्म्या पंगतीने जागच्या जागी पुन्हा खाली बसायला हवे. प्रत्यक्षात एखाद्या आजोबांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कोणीतरी त्यांचा दंड धरते आणि बाकीची मंडळी विड्याच्या तबकाकडे वळतात.

मला कुतूहल वाटते ते या बाकीच्या मंडळींचे. आजोबांची सगळेच विचारपूस करतात. पण ज्यांना काहीच झाले नाही, त्यांच्या शरीरात त्या दहा-पंधरा सेकंदांत केवढी धावपळ होऊन गेली, याची त्यांना स्वतःलाही गंधवार्ता नसते.

जबड्याच्या कोनाखाली, जिथे बोटे टेकवली की गळ्यातील नाडी लागते, त्याच सुमारास मेंदूकडे जाणारी धमनी दुभंगते. दुभंगण्याच्या जागी तिला किंचित फुगवटा असतो आणि त्या फुगवट्याच्या भिंतीत चेतातंतूंची टोके पसरलेली असतात. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही अशीच टोके असतात. गंमत अशी की त्यांना दाब मोजता येतच नाही. भिंत किती ताणली गेली, एवढेच त्यांना कळते. ताण पडला की टोकांच्या आवरणातील पिएझो नावाच्या प्रथिनांची दारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. ही प्रथिने आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये शोधून काढली. या चेतातंतूंतून पिएझो प्रथिनांचे दोन्ही प्रकार काढून टाकले की रक्तदाब सावरण्याची ही प्रतिक्रियाच नाहीशी होते, हे २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, आणि २०२१ मध्ये पॅटापूटियन नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. या दोन प्रकारांपैकी एक कातडीला हलका स्पर्शही जाणवून देतो. तेव्हा धमनी आतून वाहणाऱ्या रक्ताचा स्पर्शच जाणत असते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हे तंतू हृदयाच्या ठोक्याठोक्याला बोलत असतात. माणूस उभा राहिला की गळ्यातील धमनीवरचा ताण कमी होतो आणि त्यांचे बोलणे विरळ होते. संदेश येण्याचे कमी झाले, हाच मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला मिळणारा संदेश. मग व्हेगस या चेतेने हृदयावर धरलेला लगाम सुटतो आणि नाडी झपाट्याने वाढते; पाठोपाठ हातापायांतील आणि पोटातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे सारे स्वतःच्या मनगटावर अनुभवता येते. काही वेळ शांत पडून राहावे, नाडीवर बोटे ठेवावीत आणि उभे राहून ठोके मोजावेत. पंधराव्या ठोक्याच्या आसपास नाडी सर्वांत जलद लागते आणि तिसाव्याच्या सुमारास, रक्तवाहिन्या आवळून दाब सावरला गेल्यामुळे, पुन्हा किंचित संथ होते. तरुण माणसात हा चढउतार बोटांना स्पष्ट जाणवतो. अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या चेतातंतूंना इजा झाली असेल, तर तो जवळजवळ सपाट होतो. म्हणून डॉक्टर हीच चाचणी हृदयाच्या आलेखावर करून पाहतात.

इतकी तत्पर यंत्रणा अंगात असताना लाखो लोकांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढलेला राहतोच कसा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर १९७३ च्या एका प्रयोगात सापडते. अमेरिकेतील मिसिसिपी येथे आर्थर गायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या गळ्यातील व महाधमनीवरील या चेता तोडल्या आणि चोवीस तास रक्तदाब नोंदवला. दिवसभराची सरासरी नेहमीपेक्षा फारशी बदलली नव्हती. बदलले होते ते चढउतार. उठणे, खाणे, दचकणे अशा प्रत्येक साध्या प्रसंगी दाब वरखाली हेलकावत होता. म्हणजे हे तंतू दाब स्थिर ठेवतात, पण तो कोणत्या पातळीवर स्थिर राहावा, हे मुख्यत्वे ते ठरवत नाहीत. दाब काही दिवस चढाच राहिला, तर त्या चढ्या दाबालाच ते सामान्य मानू लागतात. रुळांना लागून घर असलेल्या माणसाला लोकलचा खडखडाट ऐकू येईनासा होतो, तसाच हा प्रकार. पुढे ते त्या चढ्या पातळीचेच इमानेइतबारे रक्षण करतात. उच्च रक्तदाब असलेला माणूस ‘मला काहीच होत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या धमन्यांनीही तक्रार करणे सोडलेले असते. गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस डोके हलके वाटते, त्यालाही काही अंशी हेच कारण असते. आकडा योग्य ठिकाणी आलेला असतो, शरीराला मात्र तो घसरलेला वाटतो. नेमक्या याच दिवसांत ‘गोळी मानवत नाही’ म्हणून परस्पर ती सोडणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची समजूत काढणे सोपे नसते.

पातळीचा दीर्घकाळचा हिशेब मूत्रपिंडे पाहतात, तोही मिठाच्या आणि पाण्याच्या भाषेत. दाब चढला की ती जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात आणि उतरला की राखून ठेवतात. त्यासाठी रेनिन नावाचे जे द्रव्य ती रक्तात सोडतात, ते स्टॉकहोममध्ये १८९८ सालीच सशाच्या मूत्रपिंडात सापडले होते. हे काम सेकंदांचे नव्हे, तासांचे आणि दिवसांचे. पानावरून उठणाऱ्याला मूत्रपिंडांच्या भरवशावर राहता येत नाही.

वयानुसार धमन्या ताठर होतात आणि तिथे खरी पंचाईत होते. जी भिंत ताणलीच जात नाही, तिच्यातील तंतूंना दाबातील फरक कळणार तरी कसा? म्हणून एकाच वृद्ध माणसाचा दाब आडवे असताना चढलेला आणि उभे राहिल्यावर पडलेला असू शकतो. त्यात प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात. अशी गोळी घेऊन झोपलेले गृहस्थ रात्री लघवीसाठी घाईने उठतात आणि न्हाणीघराच्या दारात कोसळतात. घरचे लोक ओल्या फरशीला दोष देतात. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती घसरण वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगी मानतात. ती ओळखायला रुग्णाला पाच मिनिटे आडवे करून दाब मोजावा लागतो, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा लागतो. बाहेर बाकांवर गर्दी असताना खुर्चीत बसवून एकदाच पट्टा बांधला जातो, हे समजण्यासारखे आहे. पण न्हाणीघराच्या दारात पडलेल्या माणसाच्या बाबतीत तरी ही आठ मिनिटे डॉक्टरांकडे मागून घ्यावीत, असे मला वाटते.