मुक्या कोंबड्यांचा डोंगर

डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाच्या रिसॉर्टबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खाल्लं, लोळलो, संपलं. खरी सहल सुरू झाली ती सांतो दोमिंगोहून हैतीच्या सरहद्दीकडे निघाल्यावर. ग्वाग्वा म्हणजे तिकडची वडाप. माणसं कोंबून भरलेली, आणि वर एसी असा की दात वाजावेत.

ला देस्कुब्येर्ता गावात मुक्काम केला. पहाट कशाला, मध्यरात्रीपासूनच कोंबडे आरवायला लागले. डोळ्याला डोळा नाही.

सकाळी लास कारितासला गेलो. चढ जेमतेम, पण खडक म्हणजे जुनं प्रवाळ. हात टेकला की सोलवटतो. वर दगडात ताइनोंनी, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांनी कोरलेले चेहरे: डोळ्यांचे दोन खळगे, एक तोंडाचा, बस्स. लोक सेल्फी काढून पळत होते. गाइडचंही सगळं लक्ष खालच्या सरोवरातल्या मगरींवर. चिडचिड झाली, कारण सरोवरापलीकडे साक्षात बाओरुको डोंगर उभा होता.

तिथे 1519 ते 1533 एनरिकियो स्पॅनिशांशी लढला. फ्रान्सिस्कन मठात शिकलेला ताइनो सरदार. जमीनदाराने बायकोवर हात टाकला, कोर्टात दाद लागेना, तेव्हा माणसं घेऊन डोंगरात शिरला. आधीच्या ताइनोंनी मैदानात लढून पाहिलं होतं, माकाना नावाचे जड लाकडी सोटे घेऊन. भोपळ्यात राख आणि मिरचीपूड भरून फेकायचे असंही सांगतात. (मिरची तिकडचीच, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली.) 1495 मध्ये घोडे आणि शिकारी कुत्र्यांपुढे त्यांचं काही चाललं नाही.

एनरिकियोचा सरळ गनिमी कावा. कड्यांवर पहारे, शेतं लांब लांब विखुरलेली, बायकापोरं वेगळ्या जागी. शत्रूच्याच तलवारी आणि चिलखतं वापरायची. आणि ठावठिकाणा कळू नये म्हणून कोंबड्यांच्या जिभा कापलेल्या! लास कासास या पाद्र्याने तसं लिहून ठेवलंय. आदल्या रात्री माझ्या मनात याहून वाईट विचार आले होते.

शेवटी स्पेनच्या राजाला बार्रिओनुएव्हो नावाच्या कॅप्टनला पाठवून तह करावा लागला. मोकळीक मिळाली, जमीन मिळाली. पण बदल्यात पळालेले आफ्रिकन गुलाम धरून द्यायचं कबूल केलं. हे मला फार खुपलं. तसं बोललो, तर इतका वेळ मगरी दाखवणारा गाइड एकदम तापला: मूठभर उरलेल्या माणसांनी दुसरं काय करायचं होतं? मला नाही पटलं. तळलेल्या केळ्यांवर ताव मारत आम्ही तासभर भांडलो, आणि बिल काही त्याने मला देऊ दिलं नाही.