रोज त्याच जागी, रात्रीच ठणकणारं हाड

मुलगा दिवसभर खेळतो आणि मध्यरात्री नडगी धरून उठून बसतो. आयब्युप्रोफेनची वेदनाशामक गोळी दिली की थोड्या वेळात झोपतो. घरचे ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देतात, कुणी हाडवैद्याकडे नेऊन मालिश करून आणतं. पण वाढीचं दुखणं बहुतेकदा दोन्ही पायांत असतं, आज इथे तर उद्या तिथे. पोरगं रोज त्याच जागेवर बोट ठेवत असेल, तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची, म्हणजे हाडातल्या एका छोट्या साध्या गाठीची, शंका घ्यायलाच हवी.

हा कर्करोग नाही. दुखण्याचं मूळ असलेला गाभा, म्हणजे निडस, साधारण दीड सेंटिमीटरहून लहान असतो. त्यात प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारं रसायन तयार होतं आणि आयब्युप्रोफेन ते रोखतं, म्हणूनच त्या गोळीचा इतका गुण येतो. भोवतालचं हाड जाड झाल्याने एक्स-रेत गाभा झाकला जातो. एमआरआयमध्ये सूज एवढी दिसते की जंतुसंसर्गाची, कधी कर्करोगाचीही भीती घातली जाते. आधी १ मिलिमीटर जाडीच्या कापांचा, म्हणजे पातळ थरांच्या चित्रांचा, सीटी स्कॅन करा. ५ मिलिमीटरच्या कापांत गाभा सहज निसटतो. सोलापुरातून पुण्याला किंवा हैदराबादला पाठवायचं ठरलं, तर नुसत्या फिल्म नकोत, सीटीची सीडी सोबत द्या.

पूर्वी हाडाचा मोठा तुकडा काढावा लागे. १९९२ साली बोस्टनचे रेडिओलॉजिस्ट रोझेन्थाल यांनी रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेच्या उष्णतेने, गाभा जाळण्याची पद्धत मांडली. भूल पूर्ण किंवा कमरेतून देतात, नुसती जागा बधिर करून भागत नाही. सुई गाभ्यात शिरताच भुलीखालीही नाडी आणि श्वास वाढू शकतात, हे भूलतज्ज्ञाला आधीच सांगून ठेवावं. सीटीवर वाट ठरवून ड्रिलने गाभ्यापर्यंत जायचं, त्या वाटेत धातूची नळी ठेवायची आणि तपासणीचा तुकडा तापवण्याआधीच घ्यायचा. मग ५ ते १० मिलिमीटर उघड्या टोकाचा इलेक्ट्रोड, म्हणजे वीज सोडणारी सुई, नळीतून गाभ्याच्या मध्यात ठेवून ९० अंश सेल्सिअसला ५-६ मिनिटं तापवायचं. गाभा सेंटिमीटरहून मोठा असेल, तर टोक हलवून दुसऱ्यांदा.

घात होतो तो धातूच्या नळीपाशी. इलेक्ट्रोडचं उघडं टोक नळीला टेकलं, तर उष्णता नळीवाटे वर येते आणि कातडी भाजते. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर मांस जवळपास नसतंच, तिथे हा धोका सर्वांत जास्त. म्हणून नळी किमान एक सेंटिमीटर मागे ओढायची, सीटीचा काप पुन्हा घेऊन खात्री करायची आणि मगच मशीन सुरू करायचं. शक्य असेल तिथे जास्त मांस असलेल्या बाजूने तिरकं शिरावं. वीज परत नेणारा मांडीवरचा ग्राउंडिंग पॅड कोरड्या कातडीवर सपाट, पूर्ण चिकटलेला हवा, कड उचललेली असेल तर तिथेही भाजतं.

गाभा मणक्यात असून मज्जातंतू एक सेंटिमीटरच्या आत असेल, तर मध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, सोडून अंतर वाढवतात. तिथे सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, नको, त्यातून वीज वाहते.

मूल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालत घरी जातं. एप्रिल-मेच्या सोलापुरी घामात पट्टी कोरडी ठेवायची काळजी मात्र घ्यावी लागते. पायाच्या हाडाला भोक पडलेलं असतं, त्यामुळे कबड्डी, उड्या, पोती उचलणं साधारण तीन महिने बंद. चालायला हरकत नाही.

गुण आला का, हे सीटीवर नव्हे, रात्रीच्या झोपेवर ठरवा आणि तेही वेदनाशामक गोळी बंद करून. काही रुग्णांत गाभ्याचा कोपरा शिल्लक राहतो आणि काही महिन्यांनी तेच दुखणं परततं. अशा वेळी पुन्हा पातळ कापांचा सीटी करून उरलेला भाग त्याच पद्धतीने जाळता येतो.