तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात उपास झेपतो का?

सकाळी फिरायला येणाऱ्या बायका हमखास विचारतात, "काकू, साठी उलटली तरी पोळी-भात कमी आणि वर उपास! अशक्तपणा नाही का येत?"

येऊ शकतो. पण उपाशी राहिल्याने कमी, उपास सोडताना पानात काय वाढून घेतो त्याने जास्त, असं माझं मत आहे.

माझा उपास निर्जळी नाही. संध्याकाळी सातच्या आत जेवण आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पुन्हा जेवण. मधे पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा, बस्स. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलेली पद्धत याच वळणाची: दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा, अधेमधे तोंड चालवू नका. त्यात पोळी-भात कमी करण्याची सक्ती नाही. ते मी जोडलं, कारण माझी साखर काठावर होती.

उपास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिचडी येते. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर नुसते कार्ब्ज, प्रथिनं जवळपास शून्य. जोडीला बटाटा, रताळं, केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी! देवाला काय वाटतं माहीत नाही, पण ग्लुकोमीटरला फसवता येत नाही.

आता अशक्तपणाचं. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, आणि पुरेसं न खाता केलेल्या उपासाने ते आणखी झिजू शकतात. २०२० साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. रोज सोळा तास उपाशी राहून आठ तासांत खाणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांत जेमतेम किलोभर उतरलं, आणि त्यातला मोठा भाग चरबीचा नव्हताच. म्हाताऱ्या माणसाला हा सौदा परवडणारा नाही. पायातली ताकद गेली की जिना चढणं जातं, मग एक दिवस बाथरूममध्ये तोल जातो.

म्हणून मी तास मोजत नाही, प्रथिनं मोजते. आपल्या वयाला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम लागतात. साठ किलोच्या बाईला साठ ते पंचाहत्तर. एका अंड्यात सहा, एका पोळीत तीनच्या आसपास. म्हणजे वरण-भात, पोळी-भाजीवर हिशेब जुळत नाही. माझ्या पानात आधी मटकीची घट्ट उसळ किंवा दोन अंडी, सोबत पनीर नाहीतर वाटीभर दही, भरपूर पालेभाजी आणि शेवटी ज्वारीची एकच भाकरी. घरचे मासे खात असतील तर काम सोपं. शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठ-बस आणि थोडी वजनं. त्याशिवाय नुसती प्रथिनं फारशी उपयोगी पडत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते "उपासाने पेशी स्वतःची साफसफाई करतात, नोबेल मिळालंय" हेही विचारलं जातं. पेशींच्या या साफसफाईवर काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ साली नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांचं काम यीस्टवरचं होतं. त्यावरून माझं आयुष्य किती वाढेल ते सांगता येत नाही, आणि मी त्यासाठी उपास करतही नाही. साखर आटोक्यात आहे, दुपारी जेवल्यावर पेंग येत नाही, एवढं मला पुरतं.

एका बाबतीत मात्र मी कुणालाच सल्ला देत नाही: मधुमेहाच्या गोळ्या. ग्लिमेपिराईड चालू असताना उपास केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीबरोबर कार्ब्ज फार कमी केले तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना, त्यामुळे लवकर लक्षातही येत नाही. रक्तदाबाची गोळी असेल तर उठताना चक्कर येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, आधीच वजन उतरलेल्यांनी माझ्या पानाकडे बघून काही ठरवू नये. आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचा डोस बदलून घ्यायचा, मग जेवणाची वेळ.