डॅपी: निळ्या धुक्याचा उलगडा

मागच्या वेळी डॅपीने (डीएनएला चिकटून अतिनील प्रकाशात निळं चमकणारं रंजक, म्हणजे रंग देणारं द्रव्य) रंगवलेल्या कांद्याच्या पापुद्र्यात सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकं दिसली, पण सगळीकडे निळं धुकं होतं. डॅपी जास्त झालं असणार, असं धरून मी तीन आठवडे प्रमाण उतरवत राहिलो. मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅमवरून थेट 0.1 वर आलो. केंद्रकं फिकी पडली, धुकं मात्र जागचं हललं नाही.

मग त्याच कांद्याचा दुसरा तुकडा घेतला. कृती तीच, फक्त डॅपी घातलं नाही. 365 नॅनोमीटरचा एलईडी लावला, तर पेशीभित्तिकांची जाळी तितकीच निळी! भित्तिकेतलं फेरुलिक आम्ल अतिनील प्रकाशात आपणहून चमकतं. डॅपीची चमकही 461 नॅनोमीटरच्या आसपास, निळीच. फिल्टर बदलून हे दोन निळे वेगळे होणं कठीण. खरं तर उरलेल्या डॅपीवर संशय घ्यायलाच नको होता, कारण डीएनएच्या खाचेत बसल्यावर ते सुमारे 20 पट तेजस्वी होतं, मोकळं असताना मंदच असतं. बिनरंगाची स्लाइड आता प्रत्येक वेळी ठेवणार.

या आठवड्यात गालाच्या आतल्या पेशी घेतल्या. त्यांना भित्तिकाच नाही. स्लाइड वाळवून मिथेनॉलमध्ये 5 मिनिटं, मग 1 मायक्रोग्रॅम प्रमाणाचं डॅपी 5 मिनिटं, हलकं धुणं. (हातमोजे आणि अतिनील चष्मा घालूनच, हे रंजक डीएनएला चिकटतं.) 40च्या ऑब्जेक्टिव्हखाली काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकेक लंबगोल केंद्रक इतकं स्वच्छ दिसलं की बराच वेळ कॅमेरा लावायचं सुचलंच नाही. पेशीचा बाकी भाग जवळजवळ अदृश्य, पण त्यावर बारीक निळे ठिपके होते. काही जोडीने, काही माळेसारखे. आधी घाण वाटली. फोकस हळूहळू फिरवल्यावर एकसारखा आकार लक्षात आला: तोंडातले जिवाणू! त्यांच्या डीएनएलाही डॅपी तसंच धरतं.

एक गोष्ट अजून. बराच वेळ अतिनील प्रकाश दिलेल्या जागी नंतर निळा एलईडी लावला, तर केंद्रकं अंधुक हिरवी दिसली. हिरवं रंजक तर मी वापरलंच नव्हतं. अतिनील प्रकाशाने डॅपीचा काही भाग बदलतो आणि हिरवा चमकू लागतो. दोन रंजकं एकत्र वापरणाऱ्यांनी हिरव्याचा फोटो आधी काढावा, अतिनील सगळ्यात शेवटी. पुढच्या स्लाइडला मी हाच क्रम ठेवणार आहे, सोबत ॲक्रिडीन ऑरेंज हे डीएनएवर हिरवं चमकणारं रंजक.